बाबांचा २०१३ चा पीसी आणि लिनक्स मिंट : नऊ महिन्यांनंतर

वाईच्या घरी बाबांच्या टेबलावर आहे तो डेस्कटॉप २०१३ च्या गुढीपाडव्याला घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी त्यावर विंडोज ७ होतं, मग विंडोज १०. त्यावरची शेवटची दोन वर्षं बाबा बटण दाबून चहा ठेवायला जायचे आणि चहा पिऊन झाला तरी कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकतच असायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाशिवरात्रीच्या सुट्टीत मी तो पूर्ण फॉरमॅट मारून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) २२.१ ची एक्सएफसीई, म्हणजे जुन्या पीसीला झेपणारी हलकी, आवृत्ती टाकली. त्याला आता नऊ महिने झाले. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण 'आमच्याकडेही असाच जुना पीसी आहे, काय करावं' असं विचारतायत. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

विंडोज ११ चा विचार केला होता. पण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. अटी चुकवून ते बसवायच्या वाटा आहेत, पण बाबा वाईला एकटे आणि मी पुण्यात. पुढच्या एखाद्या अपडेटला काय होईल याची खात्री नसलेली गोष्ट मला त्यांच्या टेबलावर नको होती. घाई नसलेल्यांसाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नोंदणी करून घेता येतात. तोवर शांतपणे ठरवायला वेळ मिळतो.

सगळ्यात आधी एक सांगते. या नऊ महिन्यांत जो फरक पडला त्यातला निम्म्याहून जास्त फरक एसएसडीचा (हार्ड डिस्कऐवजी वापरायच्या, आत फिरता भाग नसलेल्या डिस्कचा) आहे. २४० जीबीची एसएसडी आणि जुन्या बाजारातली ४ जीबीची डीडीआर-३ रॅमची पट्टी, दोन्ही मिळून सव्वादोन हजारांच्या आत बसलं. दुकानदार म्हणाला, 'ताई, तुमचा मदरबोर्ड एच-६१ चा, त्यात साटाचा, म्हणजे डिस्क जोडायचा, जुना ३ गिगाबिटवाला पोर्ट आहे, एसएसडीचा पूर्ण स्पीड मिळणार नाही.' त्याचं बरोबर होतं, पण त्याने काही अडत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कवर इकडून तिकडून हजारो बारक्या फाइली वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कची सुई त्या प्रत्येक फाइलसाठी जागा शोधत फिरते. एसएसडीत फिरायला काहीच नाही. आता बटण दाबल्यापासून पस्तीस सेकंदांत डेस्कटॉप समोर येतो. जुनी हार्ड डिस्क काढून टाकली नाही, बॅकअपसाठी आतच ठेवली.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करणं हा सगळ्यात सोपा भाग. माझ्या लॅपटॉपवर आयएसओ (मिंट इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून घेतली, तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायचा आकडा, जुळवला (हे टाळू नका, अर्धवट उतरलेल्या फाइलने नंतर भलतीकडेच दोष शोधत बसावं लागतं), पेन ड्राइव्ह बनवला आणि बूट मेन्यूतून सुरू केला. डिस्कला हात न लावता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. त्यात आवाज, स्क्रीन, प्रिंटर सगळं तपासा. मी तपासलं म्हणून कळलं की यूएसबीचा वायफाय डोंगल ओळखला जात नाहीये. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट पीसीला देणं) सुरू केलं, त्यावरून ड्रायव्हर उतरवला आणि डोंगल चालू झाला. इन्स्टॉल करताना, गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या कोडेक्सच्या चौकटीत टिक करायला विसरू नका. वीस मिनिटांत सगळं झालं.

खरी परीक्षा त्यानंतर होती.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवल्या होत्या आणि मग दोन-तीन वर्षं बसून टाइप केल्या होत्या. एकूण १८६. आजी २०१६ मध्ये गेली. तिचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही, त्यामुळे त्या वह्या आणि त्या फाइली एवढंच आमच्याकडे आहे. फॉरमॅट मारण्याआधी मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह, फोटो सगळं एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं होतं, दोनदा मोजलं होतं. मिंट बसल्यावर बाबांनी पहिली फाइल उघडली ती ओव्यांची. पडद्यावर रोमन अक्षरं, तिरक्या रेघा आणि अवतरणचिन्हं, पानभर. बाबा काहीच बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं. मला ते अजून आठवतं.

फाइली शिवाजी फॉन्टमधल्या होत्या. हे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं मानक) रुळण्याच्या आधीचे. फाइलमध्ये साठवलेलं असतं रोमन अक्षर, फक्त फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. मी फाइली घेतल्या होत्या, पण विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट घेतले नव्हते आणि ते फॉरमॅटबरोबर पुसले गेले. मजकूर सुरक्षित होता, पण वाचता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडून तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर आणला, फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला, लिबरऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) बंद करून उघडलं आणि सगळ्या ओव्या जागच्या जागी आल्या. मराठी घरातला जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे : आधी फॉन्ट्सचं फोल्डर कॉपी करा, मग बाकीचं.

तेव्हाच ठरवलं की सगळं युनिकोडमध्ये आणायचं. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. आम्ही वापरलेल्या कन्व्हर्टरने 'सूर्य'चं 'सूयर्' केलं होतं आणि 'दळिते'चं 'दिळते'. ओवीत एक वेलांटी सरकली तर अर्थ जातोच, जात्याची लयही जाते. म्हणून बाबा प्रत्येक ओवी वहीशी ताडून दुरुस्त करतायत.

त्यासाठी त्यांना नव्याने टायपिंग शिकावं लागलं. फोनेटिकचा (रोमन स्पेलिंगवरून मराठी उमटवण्याचा) पर्याय आहे, पण बाबांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड धरला, १९९१ च्या भारतीय मानकातला. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही मांडणी त्यांना पाढ्यासारखी पटकन बसली. अडले ते 'दऱ्या'पाशी. साधा र आणि य जोडला की 'दर्या' होतं, समुद्रवाला. तीन दिवस त्यांचे फोन. मग सापडलं : शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी वर हलंत, मग य. त्यांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवलं आहे. दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठी हिंदीऐवजी मराठी निवडलं, आणि फॉन्टमध्ये सोय असल्याने आपला ल, आपला श दिसू लागला. ज्याने आयुष्यभर फळ्यावर मुलांना अक्षर गिरवायला शिकवलं त्याच्यासाठी ही बारीक गोष्ट नाही.

रोजचं बाकी काम म्हणजे ब्राउझर. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारी मराठी विश्वकोशाची साइट (विश्वकोशाचं काम वाईत चालतं, त्यामुळे बाबांना तो घरचाच वाटतो), संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन. नुसता सुरू असताना पीसी ८०० एमबीच्या आसपास रॅम घेतो, कीर्तन आणि पाच-सहा टॅब उघडल्यावर तीन जीबीच्या आत राहतो. यूट्यूबला मात्र सुरुवातीला पंखा गरगरायचा. कारण यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी-९ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) मध्ये पाठवतं आणि एवढ्या जुन्या ग्राफिक्सला ते स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्याऐवजी एच.२६४ ही जुनी पद्धत मागून घेणारं एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडलं, ७२० वर ठेवलं, पंखा शांत झाला.

जुलैत एकदा वाटलं, सगळं फसलं. वाईचा पाऊस, दिवसातून चारदा लाइट जायची. एका सकाळी फोन आला, 'अगं, काळी स्क्रीन आहे, इंग्रजीत काहीतरी लिहिलंय आणि पुढे जात नाही. तुझं लिनक्स बिघडलं.' म्हटलं, 'बाबा, अक्षर अक्षर वाचून दाखवा.' त्यांनी वाचलं. शेवटी एफ-१ दाबा, असं होतं. बिघाड मदरबोर्डवरच्या सेलचा होता. बारा वर्षांचा सीआर-२०३२ संपला होता, त्यामुळे लाइट गेली की तारीख आणि बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग पुसली जायची आणि पीसी एफ-१ ची वाट बघत थांबायचा. पुढच्या शनिवारी जाऊन नवा सेल घातला, तारीख लावली. पन्नास रुपयांच्या आतलं काम. जुना पीसी उघडलाच आहे तर रॅमबरोबर हा सेलही बदलून टाका, मी फेब्रुवारीतच बदलायला हवा होता.

जे जमलं नाही तेही सांगते. प्रिंटर छापतो, पण त्यातला स्कॅनर आजतागायत चाललेला नाही, कागद मोबाईलने स्कॅन करतो. हयातीच्या दाखल्यासाठी घेतलेलं अंगठ्याचं यंत्र विंडोजवरच चालायचं, त्यामुळे या नोव्हेंबरात दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून दिला, आणि खरं तर ते जास्त सोपं गेलं. जुन्या वर्ड फाइलींतली तक्त्यांची मांडणी थोडी हलते. ज्यांचं पोट टॅली, कोरलड्रॉ किंवा पेजमेकरवर आहे, किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागतं, त्यांनी हा मार्ग घेऊ नये. काम अडलं तर पीसी कितीही वेगाने चालून उपयोग नाही.

देखभाल बाबा स्वतः करतात. खालच्या पट्टीवरच्या ढालीवर ठिपका दिसला की पासवर्ड घालून अपडेट. सप्टेंबरात २२.२ आलं तेव्हा आधी टाइमशिफ्टने स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाता येईल अशी सिस्टीमची प्रत) घेतला आणि अपडेट मॅनेजरमधूनच पुढे गेलो, अर्ध्या तासात झालं. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली जपतं, तुमच्या नाही, हे ध्यानात ठेवा. ओव्यांचं फोल्डर दर रविवारी जुन्या हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर जातं. या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

१८६ पैकी १४३ ओव्या तपासून झाल्या आहेत. परवा बाबांनी मला पहिल्या पन्नासांची पीडीएफ पाठवली. मोबाईलवर उघडली, एका ओवीतला 'माउली' शब्द शोधून बघितला, आणि पहिल्याच फटक्यात तो पिवळा होऊन समोर आला.