सत इसबगोल, साधावाला: घ्या पण पाण्यासकट घ्या

मेडिकलमध्ये जाऊन "पोट साफ होत नाही हो" एवढंच म्हणा, काउंटरवर धडाधड चार-पाच डबे येतात. ऑरेंज फ्लेवरचं फायबर, कुठलंतरी चूर्ण, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, आणि सगळ्यात मागे कोपऱ्यात साधा सत इसबगोल, जो मागितल्याशिवाय कोणी काढून देत नाही कारण त्यात फारसं सुटत नसावं. हा रिव्ह्यू त्या कोपऱ्यातल्या डब्याचा. आणला होता सासऱ्यांसाठी, आता अर्धं घर घेतं.

आहे काय, तर इसबगोलच्या बीवरचा कोंडा, बस. माल मुख्यतः गुजरात-राजस्थानकडचा, उंझ्याच्या मार्केटला जिऱ्याबरोबर याचाही मोठा व्यापार चालतो. डब्यावर घटकांची एकच ओळ आहे आणि मला तेच आवडलं. चवीच्या नावाने मात्र शून्य, पुठ्ठा भिजवून प्यायल्यासारखं लागतं.

घ्यायची पद्धत नीट सांगते कारण निम्मे लोक इथेच गंडतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणून एक स्टार देतात. मोठा ग्लासभर पाणी घ्यायचं, साधारण पाव लिटर, त्यात चमचाभर इसबगोल टाकून ढवळायचं आणि लगेच प्यायचं. लगेच म्हणजे लगेच, फोन आला, कुकरची शिट्टी झाली की संपलं, तोवर ग्लासात साबुदाण्याची घट्ट खीर तयार. तळाला चिकटून राहतं त्यात परत पाणी घालून तेही प्यायचं आणि ग्लास तिथल्या तिथे विसळायचा, वाळलं तर घासणीलाही दाद देत नाही. आमचे बाबा, म्हणजे सासरे, सुरुवातीला कोरडाच चमचा तोंडात टाकून वर घोटभर चहा प्यायचे, म्हणे "आमच्या वेळी असंच घ्यायचे." अहो बाबा, घशात फुगून अडकेल ना ते! पाणी कमी पडलं तर आतही घट्ट होऊन बसतं, म्हणजे दुखणं वाढलंच. सगळा खेळ पाण्याचा आहे, कोंडा पाणी धरून ठेवतो म्हणून मल मऊ राहतो आणि पुढे सरकतो. जुलाबात हेच दह्यातून देतात तेही त्याचमुळे, जास्तीचं पाणी शोषलं जातं.

आता चूर्णांबद्दल. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून कामाला लावते, रात्री घेतलं की सकाळी मोकळं, त्यामुळे लोक जाम खूश. पण डॉक्टरला न विचारता रोज महिनोन्महिने घ्यायची ती वस्तू नाही, डब्याची मागची बाजू वाचून बघा. इसबगोलचं तसं नाही, याला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, पहिल्या सकाळी चमत्कार होणार नाही. उलट पहिले काही दिवस पोट गच्च वाटतं, गॅस होतो. अर्ध्या चमच्याने सुरू करा आणि हळूहळू वाढवा.

फ्लेवरवाल्यात कोंडा तोच, वर साखर नाहीतर स्वीटनर, रंग आणि किंमत. ज्याला साधं उतरतच नाही त्याने घ्यावं, पण शुगर असेल तर लेबल बघून. प्रोबायोटिक कॅप्सूल मी या कामासाठी घेणार नाही, प्रत्येकात जंतू वेगळे, कुठला कशाला लागू पडतो हे डॉक्टरने सांगावं, मेडिकलवाल्याने नाही.

आणि डबा आणून जेवण तेच ठेवलं तर काय उपयोग? सकाळी चहा-खारी, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव, रात्री परत भात, यात पोट बिचारं सरकवणार काय. हैदराबादच्या एनआयएनने, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेने, २०१७ साली जे अन्नघटकांचे तक्ते काढले त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर दिलंय आणि पांढऱ्या तांदळात ३ च्याही आत. आमच्याकडे रात्रीचा भात बंद करून भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ आणि काकडी-गाजराची कोशिंबीर सुरू केली, बाबांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग ठेच्यावर तडजोड झाली. त्यानंतर इसबगोल रोज लागेनासा झाला, लग्नाबिग्नाचं जेवण झालं की तेवढा डबा निघतो.

बाकी गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा, आणि थायरॉइड, शुगर वगैरेच्या असतील तर आधी डॉक्टरला विचाराच. गिळायला त्रास असेल, आतड्याला कधी अडथळा झाला असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. शौचातून रक्त, वजन उतरणं, अचानक बदललेली सवय, अशा वेळी रिव्ह्यू वाचत बसू नका, सरळ तपासून घ्या.

स्टार चार. एक कापला तो पॅकिंगचा, पुठ्ठ्याचा डबा आणि आत पातळ पिशवी, एकदा फोडली की परत बंद होत नाही, पावसाळ्यात ओल धरून गठ्ठे होतात आणि ओतताना भुकटी नाकात जाते, काहींना त्याची ॲलर्जीही होते. मी आणल्या आणल्या कॉफीच्या रिकाम्या बरणीत काढते, आणि एक्स्पायरीची तारीख डब्यावरून कापून बरणीला चिकटवते.