पणजीतला डिझाइन पॅटर्नचा क्लास: रविवारसाठी जा, शनिवार सोसा

ऑफिसातल्या आम्ही तिघांनी मिळून पणजीत डिझाइन पॅटर्नचा (म्हणजे कोड लिहिताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे ठरलेले उपाय) शनिवार-रविवारचा क्लास केला, फी आपापल्या खिशातून भरली, त्यामुळे काही हातचं राखून लिहीत नाहीये. क्लासचं नाव मात्र टाकत नाही.

शनिवारचे सर आणि रविवारचे सर वेगळे, आणि फरक जमीन-अस्मानाचा. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनी पुस्तकात मांडलेले २३ पॅटर्न (पाच क्रिएशनल, सात स्ट्रक्चरल, अकरा बिहेवियरल) शनिवारी हजेरी घेतल्यासारखे एकेक करून उरकले, प्रत्येकाचा यूएमएल डायग्राम (कोडची रचना दाखवणारं चित्र), आणि उदाहरणं तीच ती, कार, पिझ्झा, शेप. अहो गोव्यात शिकवताय, निदान चणक माशाची थाळी तरी घ्या! सिंगलटनवर (एका क्लासचा एकच ऑब्जेक्ट ठेवायचा पॅटर्न) तर अर्धी दुपार गेली, डबल-चेक्ड लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी मागितला तरी ऑब्जेक्ट एकच बनावा म्हणून दोनदा तपासणं), त्यात व्होलाटाइल हा शब्द का लागतो, जावा भाषेच्या ५व्या आवृत्तीआधी ते का चालायचं नाही, सगळं बरोबर सांगितलं, पण आपण जावाच्या ज्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये रोज काम करतो तिथे बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) मुळातच सिंगलटन असते, हे कुणीतरी मागून विचारलं तेव्हा बाहेर आलं. आणि टेस्ट लिहिताना सिंगलटनचा काय त्रास होतो, एका टेस्टने टाकलेला डेटा दुसऱ्या टेस्टला कसा नडतो, यावर एक अक्षर नाही. नोट्समध्ये ऑब्झर्व्हरसाठी (एकात बदल झाला की बाकीच्यांना कळवायचा पॅटर्न) जावाचा ऑब्झर्व्हेबल क्लास वापरलाय, तो जावा ९ पासून म्हणजे २०१७ पासून डेप्रिकेटेड (आता वापरू नका असं सांगितलेला) आहे, एवढं तरी बदलायला हवं होतं.

वाईट एका गोष्टीचं वाटलं. पॅटर्नची मूळ कल्पना ख्रिस्तोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टची, घरं बांधणारा आर्किटेक्ट हां, आपल्या सॉफ्टवेअरमधला नव्हे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली शहरापासून खोलीतल्या खिडकीपर्यंत २५३ पॅटर्न लिहिले, त्यात एक असा की सहा फुटांहून कमी खोल बाल्कनी लोक फारशी वापरतच नाहीत (पर्वरीतले नवीन फ्लॅट बघा, बाल्कनीत फक्त कपडे वाळतायत). म्हणजे आधी अडचण, मग उपाय. हे सरांनी दोन मिनिटांत एका स्लाइडवर संपवलं आणि नंतर दिवसभर उपाय आधी सांगितला, अडचण सांगितलीच नाही.

रविवारी मात्र मजा आली. दुसऱ्या सरांनी एकही स्लाइड न लावता थेट एका गेस्ट हाउसच्या बिलिंगचा कोड उघडला, एकच लांबलचक फंक्शन, आत इफ-एल्सची माळ, पावसाळ्याचा रेट, डिसेंबरचा रेट, वीकेंड, एजंटचं कमिशन, आठवडाभर राहिलं तर सूट, आणि म्हणाले की मालकाला आता कार्निव्हलसाठी वेगळा रेट पाहिजे, कुठे हात घालाल? सगळे गप्प. मग हळूहळू एकेक हिशोब बाहेर काढत नेला, प्रत्येक रेटचा कोडमध्ये वेगळा क्लास, बिलाला फक्त एवढंच माहीत की त्या क्लासला किती रात्री ते सांगितलं की तो रक्कम देतो, आणि हे सगळं झाल्यावर म्हणाले, याला स्ट्रॅटेजी म्हणतात. शेवटी हेही दाखवलं की एकच मेथड (क्लासमधलं फंक्शन) असेल तर जावा ८ पासून लॅम्बडा (तिथल्या तिथे लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) पुरतो, पाच क्लासच्या फाइली करत बसू नका.

पुढचा प्रश्न तर एकदम भारी. जीएसटीलाही स्ट्रॅटेजी करायची का? अर्ध्या वर्गाने हात वर केले. सर म्हणाले नको. हजारापर्यंतच्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत टॅक्स नव्हता, मग १२ टक्के झाला, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याच्या वरच्याला १८ च राहिला. आता यात हिशोबाची रीत बदलली का? नाही, आकडा बदलला. मग एक टेबल करा, कुठल्या तारखेपासून, किती रकमेपर्यंत, किती टक्के, आणि जुनं बिल परत काढलं तर जुनाच रेट आला पाहिजे, झालं. कुठे पॅटर्न लावायचा नाही हे मला आजवर कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं, माझ्या मते फी इथेच वसूल झाली.

दुपारी प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या पुढे बसून बाहेरून आलेला कॉल आधी स्वतः घेणारा ऑब्जेक्ट. स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल (डेटाबेसमधले बदल झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही, असं सांगणारं) अ‍ॅनोटेशन लावलेली मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने थेट बोलावली, मध्येच मुद्दाम एक्सेप्शन (एरर) टाकलं, आणि डेटाबेस उघडून दाखवला, बुकिंग रद्द होऊन खोली रिकामी झालीय पण रिफंडची एंट्री नाही. कारण ट्रान्झॅक्शन सुरू करायचं काम बाहेर बसलेल्या प्रॉक्सीचं, आतल्या आत कॉल केला की त्याला पत्ताच लागत नाही. मेथड दुसऱ्या बीनमध्ये हलवली आणि सगळं रोलबॅक, म्हणजे अर्धवट झालेले बदल मागे फिरले. अ‍ॅनोटेशन आम्ही रोज लावतो, पण त्याच्या मागे काय बसलंय ते असं डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

बाकी काय, खुर्च्या ठीक, एसी अति गार, चहा दोनदा मिळतो, जेवण आपलं आपण. इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या फ्रेशरला शनिवारही उपयोगाचा आहे, पॅटर्नची नावं विचारतातच. पण दोन-तीन वर्षं कोड केलेल्याने फक्त रविवार करावा असं मला वाटतं, तर फोन करून विचारलं, एकच दिवस देत नाहीत, पैसे दोन्ही दिवसांचे. चवथीनंतर नवीन बॅच आहे म्हणाले, तेव्हा आणखी चार-पाच जणांनी हेच मागितलं तर कदाचित ऐकतील. पाचातले साडेतीन, त्यातले तीन रविवारचे. आणि शनिवारी गाडी घेऊन येऊ नका, संध्याकाळी कॅसिनोच्या गर्दीत अडकाल, कदंबाच्या बसने या.