कॉन्ट्रिब्युटर लिस्ट: शॉर्टलॉगची स्क्रिप्ट की ऑल-कॉन्ट्रिब्युटर्स बॉट?
प्रोजेक्टला हातभार लावणाऱ्यांची यादी बनवायला दोन्ही वापरून बघितलंय. गिट शॉर्टलॉगवाली (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, शॉर्टलॉग म्हणजे कोणाचे किती कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, ते दाखवणारी त्याची कमांड) स्क्रिप्ट चार ओळींची, पण रिव्ह्यू करताना शेवटी 'हेड' (सध्याचा शेवटचा कमिट) लिहिलंय का ते नक्की बघा, कारण सीआयमध्ये (स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) टर्मिनल नसतं, मग 'हेड' नसेल तर शॉर्टलॉग स्टँडर्ड इनपुटच (बाहेरून दिलेला मजकूर) वाचायला जातो आणि लिस्ट रिकामी येते, आमची तशीच आली होती. ईमेलही दाखवत असाल (-e) तर एकाच माणसाचे दोन ईमेल असले की तो दोनदा दिसतो, मेलमॅप फाइलमध्ये (कोणता ईमेल कोणाचा ते सांगणारी फाइल) एक ओळ टाकली की झालं. बॉटला (यादीत नाव घालणारा आपोआप चालणारा प्रोग्राम) मात्र कमेंट करून सांगावं लागतं, विसरलं की नाव राहिलंच. पण भाषांतर करणारे, बग कळवणारे, ज्यांचा एकही कमिट नाही ती माणसं शॉर्टलॉगला दिसतच नाहीत हो! त्यांच्यासाठी मी बॉटच घेईन.