कार्बनचा हिशोब बिलावरून करावा की किलो-लिटरवरून?

कंपनीचा कार्बन फूटप्रिंट मोजायचं ठरलं की पहिले काही महिने सॉफ्टवेअरच्या डेमोंमध्ये जातात. डॅशबोर्ड सगळ्यांचेच देखणे असतात. पण ज्या निर्णयावर पुढचं सगळं अवलंबून आहे तो त्याच्या आधीचा असतो, आणि बरेचदा तो कुणी घेतलेलाच नसतो, सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप आत येतो: एमिशन फॅक्टरने (एका एककामागे किती उत्सर्जन, तो आकडा) गुणायचं कशाला? खर्च केलेल्या रकमेला, की प्रत्यक्ष घेतलेल्या किलो, लिटर, टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेणं)?

स्कोप १ (आपण स्वतः जाळलेलं इंधन, गळलेला गॅस) आणि स्कोप २ (विकत घेतलेली वीज) यांसाठी हा वाद फारसा नाही. टाकीत किती लिटर डिझेल पडलं, मीटर किती युनिट फिरला, हे आकडे हाताशी असताना बिलाची रक्कम घेऊन कुणी बसत नाही. डिझेलचा लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, विषय संपला. विजेसाठी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जनाच्या हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार ग्रिडच्या सरासरीने आणि स्वतःच्या वीज-कराराने असे दोन आकडे द्यायचे, एवढं पथ्य पाळलं की झालं. खरी मारामारी स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंत आपल्या फाटकाबाहेर होणाऱ्या उत्सर्जनात. याच प्रोटोकॉलच्या २०११च्या मानकात त्याचे १५ प्रकार आहेत, आणि आमच्यासारख्या कारखानदारीत त्यातले खरेदी केलेला माल आणि त्याची वाहतूक हे दोनच बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. हा आढावा त्या दोघांपुरता.

आधी खर्चाच्या पद्धतीची बाजू, कारण ती कमी लेखण्यासारखी नाही. अकाउंट्सकडून वर्षभराची खातेवही घ्यायची, प्रत्येक लेजरला, म्हणजे खर्चाच्या खात्याला, एक क्षेत्र जोडायचं (रसायनं, यंत्रभाग, छपाई, मालवाहतूक) आणि त्या क्षेत्राच्या सरासरी फॅक्टरने गुणायचं. काही आठवड्यांत संपूर्ण चित्र समोर येतं. संपूर्ण हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खातेवहीतून काही सुटत नाही. वजन कुणी केलंच नाही म्हणून एखादी गोष्ट हिशोबातून गळण्याचा धोका दुसऱ्या पद्धतीत कायम असतो, इथे नसतो. ऑडिटरलाही हे आवडतं, कारण बेरीज ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याशी) जुळवून दाखवता येते. पहिल्या वर्षी आपले मोठे खड्डे नेमके कुठे आहेत हे शोधायला मी आजही हीच पद्धत सुचवेन.

अडचण दुसऱ्या वर्षी सुरू होते. पहिल्या वर्षी तुम्ही मोजता, दुसऱ्या वर्षी कमी करायला लागता.

आमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग मोठ्या प्रमाणात लागतात. पुनर्वापरातल्या ॲल्युमिनियमला नव्याच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. तेव्हा बऱ्याच खटपटीने एका भागासाठी पुनर्वापरातला, प्रमाणपत्रासकट येणारा माल सुरू केला. प्रमाणपत्रामुळे दर थोडा जास्त होता. वर्षाअखेरीस खर्चाच्या शीटवर त्या ओळीचं उत्सर्जन वाढलेलं! शीटच्या दृष्टीने आम्ही त्याच क्षेत्रातल्या मालावर जास्त पैसे खर्च केले होते, म्हणजे जास्त प्रदूषण केलं होतं. त्याच वर्षी पर्चेसने दुसऱ्या एका कच्च्या मालात घासाघीस करून चांगली सूट मिळवली. माल तोच, कारखाना तोच, टन तेवढेच. शीटवर मात्र तिथे उत्सर्जन घटलं, आणि आढावा बैठकीत कौतुक झालं ते त्याच ओळीचं. शिंप्याच्या बिलावरून माणसाचं वजन काढायला बसलं तर हेच होणार.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. बाकीच्या उणिवा मी चालवून घेतल्या असत्या. फॅक्टर ढोबळ आहेत, असू देत. एकाच क्षेत्रात स्टीलची पट्टी आणि नाजूक यंत्रभाग एकत्र कोंबले जातात, तेही समजू शकतो. पण ज्या दिशेला मी कष्ट करतो त्याच्या उलट दिशेला आकडा पळत असेल, तर पुढच्या वर्षी व्यवस्थापनाकडे पैसे मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

भाववाढीचंही तसंच. खर्चाचे फॅक्टर ठरावीक वर्षाच्या किमतींवर बांधलेले असतात, आणि ते वर्ष बहुधा मागचं असतं. त्यामुळे दर वर्षी भाववाढ वजा करा, परदेशी फॅक्टर असेल तर विनिमय दर लावा, कर धरलाय की नाही ते तपासा. हे सगळं नीट करणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. तरी एक गणित बघा. कंपन्यांची घटीची उद्दिष्टं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स उपक्रमाच्या आतापर्यंतच्या निकषांत स्कोप १ आणि २ साठी, तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्याच्या मार्गावर, वर्षाला ४.२ टक्के घट लागते, आणि स्कोप ३ साठी किमान पातळी वर्षाला २.५ टक्क्यांची. कच्च्या मालाचा भाव एका वर्षात १० टक्के इकडेतिकडे झाला, तर त्या गोंगाटात अडीच टक्के ऐकू तरी येतील का? माझा अनुभव नाही म्हणतो. तुमच्या मालाचे भाव वर्षानुवर्षं स्थिर राहत असतील तर कदाचित येतील.

आता दुसरी बाजू, कारण प्रत्यक्ष मापाची पद्धत काही फुलांची शेज नाही. पहिलं दुखणं एककांचं. पर्चेस ऑर्डरवर माल 'नग', 'बॉक्स', 'सेट', 'लॉट' असा येतो, आणि फॅक्टर मागतो किलो. मग ड्रॉइंग काढून वजनं शोधा, स्टोअरमध्ये जाऊन एकेक नग काट्यावर ठेवा. दुसरं दुखणं व्हेंडरचं. विचारलेल्या माहितीला उत्तर येतच नाही, आणि येतं तेव्हा त्यात संपूर्ण कारखान्याचा वार्षिक आकडा असतो, तुमच्या मालाचा वाटा काढायचा तुम्ही. तिसरं जास्त फसवं: फॅक्टर कुठून कुठपर्यंतचा आहे? फक्त जाळण्याचा, की खाणीपासून आपल्या फाटकापर्यंतचा? दोन वेगळ्या हद्दीचे फॅक्टर एका रकान्यात बसले की बेरीज दिसायला व्यवस्थित असते आणि अर्थाने शून्य.

शिवाय किलोने मोजलं म्हणून सगळं दिसतं असंही नाही. नव्या ॲल्युमिनियमचंच घ्या. जलविद्युतवर वितळवलेलं असेल तर टनामागे सुमारे ४ टन कार्बन डायऑक्साइड, कोळशाच्या विजेवरचं असेल तर १५ टनांच्याही वर. सरासरी फॅक्टर वापरलात तर या दोन व्हेंडरांत शीटला काहीच फरक दिसणार नाही. तिथे व्हेंडरचा स्वतःचा, पडताळलेला आकडाच लागतो. प्रोटोकॉलमध्ये खरेदीच्या मालासाठी व्हेंडरचा आकडा, मिश्र, सरासरी आणि खर्च अशा चार पद्धती दिल्या आहेत त्या याचसाठी. व्हेंडरचा आकडा सगळ्यांकडून मागण्याच्या फंदात पडू नका. टनांच्या हिशोबात वरचे जे मोजके व्हेंडर आहेत त्यांच्याच मागे लागावं, बाकीच्यांना सरासरी पुरते.

एवढा जाच सोसून हाती काय आलं? कुठे हात घालायचा ते कळायला लागलं. वाहतूक टन-किलोमीटरमध्ये मांडली, तेव्हा विमानाने येणारा माल वजनाने चिमूटभर आणि उत्सर्जनात दांडगा निघाला. एकच टन तेवढंच अंतर नेताना विमान आणि कंटेनर जहाज यांच्यात कित्येक दहापटींचा फरक असतो. यात नवीन काही नाही. नवीन होतं ते पुढचं: प्रत्येक खेपेपुढे कारणाचा रकाना जोडला तर बहुतेक खेपा 'तातडी' म्हणून आल्या होत्या, आणि तातडीचं मूळ आमच्याच नियोजनात होतं. ऑर्डर लवकर टाकायची सवय लागली, विमानाच्या खेपा घटल्या, पैसेही वाचले. खर्चाच्या शीटवर ही सगळी कहाणी 'मालवाहतूक' नावाच्या एका लेजरमध्ये गाडली गेली होती.

तसंच एसीच्या गॅसचं. हा स्कोप १ चा विषय, पण पैशाच्या नजरेतून बघणाऱ्याच्या हातून नेमका सुटतो, कारण खातेवहीत तो 'एसी दुरुस्ती' या नावाखाली असतो आणि रक्कम किरकोळ. एसीत वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए या गॅसचा तापमानवाढीचा गुणक दोन हजारांच्या आसपास आहे, म्हणजे त्याचा एक किलो सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका. १० किलो गॅस गळला तर सुमारे २० टन, म्हणजे सात हजारांहून जास्त लिटर डिझेल जाळल्यासारखं. किती किलो गॅस भरला हे सर्व्हिसच्या पावतीवर लिहून घेण्याची सक्ती केली, एवढंच.

मग निवडायचं काय? फक्त एखाद्या ग्राहकाच्या प्रश्नावलीत आकडा भरायचा असेल, माल विकण्यापेक्षा सेवाच जास्त विकत असाल, खरेदीत भाड्याचा आणि व्यावसायिक फीचा वाटा मोठा असेल, तर खर्चाची पद्धत पुरेशी आहे, उगाच काटा घेऊन फिरू नका. विमा, कायदेशीर सल्ला, सॉफ्टवेअर, स्टेशनरी हे मीसुद्धा खर्चावरच ठेवलंय. ठेवणारही आहे. विम्याचं वजन करायचं तरी कशात?

पण कारखाना चालवत असाल आणि घट दाखवायचा शब्द कुणाला दिला असेल, तर मोठ्या ओळी किलोवर आणलेल्या बऱ्या, आणि तेही शक्य तितक्या लवकर. पद्धत बदलली आणि आकड्यात मोठा फरक पडला की आधारवर्षाचा (ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात त्याचा) हिशोब नव्याने मांडावा लागतो. खर्चावर चार वर्षं काढून मग वळलात, तर चार वर्षांपूर्वीच्या 'नग' आणि 'लॉट'ची वजनं कोण सांगणार? सॉफ्टवेअर अजून ठरलं नसलं तरी अडत नाही. पर्चेस ऑर्डरमध्ये निव्वळ वजनाचा रकाना अनिवार्य करून घ्या, आणि डेमो द्यायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: भाव १० टक्क्यांनी वाढवला आणि माल तेवढाच ठेवला, तर तुमच्या स्क्रीनवर काय होतं ते आत्ता करून दाखवाल का?