नवा फोन न घेता बॅटरी बदलली: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चार वर्षं वापरलेला फोन बदलायचं मी नक्की केलं होतं. नवं मॉडेल निवडून झालं होतं, रंगसुद्धा ठरला होता. जुन्याबद्दल तक्रारी तीन. दुपारपर्यंत बॅटरी संपायची, व्हिडिओ कॉलवर फोन हातात धरवत नाही इतका तापायचा, आणि २५-३० टक्के चार्ज शिल्लक असतानाही कॅमेरा उघडला की अचानक बंद पडायचा. शेवटच्या प्रकाराने फार मनस्ताप दिला. एकदा रात्रीच्या प्रवासात तिकीट दाखवायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच फोन बंद. त्या रात्रीच ठरवलं की आता पुरे झालं.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, घ्यायचा तर घे नवीन. पण आधी बॅटरी बदलून बघ ना. बाकी फोनला काहीही झालेलं नाहीये." मला ते फारसं पटलं नव्हतं. पण हवं असलेलं मॉडेल यायला दोन महिने होते, तेवढ्यापुरती सोय म्हणून बॅटरी बदलून घेतली. त्याला आता १४ महिने झाले. नवं मॉडेल येऊन जुनंही झालं, मी अजून हाच फोन वापरते आहे.

फोन कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. मध्यम श्रेणीचा अँड्रॉइड आहे, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. असा फोन हातात असताना "आता बदलू या का" असं वाटायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगते. घाईघाईत जी मिळाली ती बॅटरी टाकून घेतली. तिच्यावर क्षमता मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त छापलेली होती. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण तेवढ्याच आकारात एवढी जास्त क्षमता येणार कुठून? तीन आठवडे बरे गेले. मग टक्क्यांचा काही भरवसाच राहिला नाही. १०० वरून तासाभरात ६४, मग ४१ वर येऊन दोन तास तिथेच, आणि ४१ वरून थेट बंद. अडीच महिन्यांनी एका सकाळी फोन टेबलावर ठेवला तर डुगडुगायला लागला. कव्हर काढून पाहिलं, मागचं पॅनेल मधोमध उचललं गेलं होतं. कडेला नख जाईल एवढी फट आणि आत ताणलेल्या गोंदाचे पांढरे धागे. बॅटरी फुगली होती.

असं दिसलं तर तो फोन पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि पॅनेल दाबून बसवायला जाऊ नका. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो, त्याने बॅटरी फुगते. ती टोचली गेली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. मी फोन बंद करून फरशीवर, कपड्या-कागदांपासून लांब ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला.

तिथे काचेपलीकडे उभं राहून सगळं बघायला मिळालं. फोन गरम पॅडवर ठेवून गोंद मऊ केला, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेकडेने फिरवत पॅनेल सोडवलं. बॅटरीखाली चिकटपट्ट्या असतात, त्या चिमट्यात धरून सावकाश, अगदी सावकाश ओढायच्या. एक निम्म्यावर तुटली. तेव्हा काम करणाऱ्या मुलाने बॅटरीच्या कडेने अल्कोहोलचे चार थेंब सोडले, दोन मिनिटं थांबला आणि प्लॅस्टिकच्याच पट्टीने ती उचलली. "इथे लोखंडी काही घालायचं नाही," एवढंच बोलला. तासाभरात काम झालं. कड नव्या गोंदाने बंद केली, पण पाण्यापासूनचं संरक्षण आता कारखान्यातून आला होता तेवढं राहील याची खात्री देता येणार नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. म्हणून मी फोन पावसात बाहेर काढत नाही.

सर्व्हिस सेंटरमधून कंपनीची बॅटरी बसवून घेतली त्याला ११ महिने झाले. या ११ महिन्यांत फोन एकदाही आपोआप बंद पडलेला नाही. सकाळी ८० टक्क्यांवर काढते, रात्री झोपताना २५ च्या आसपास असतो. तापतो, पण पूर्वीसारखा नाही.

अचानक बंद पडण्यामागचं कारण मला यानिमित्ताने नीट कळलं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्यात कमी चार्ज मावतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याबरोबर तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे वीज बाहेर देताना आतून होणारा अडथळा, वाढतो, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कॅमेरा, फ्लॅश आणि प्रोसेसर एकदम जास्त वीज मागतात तेव्हा जुन्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि फोन बंद होतो. आकडा ३० टक्के दाखवत असतो आणि तो खोटाही नसतो. चार्ज असतो, पण एका दमात देण्याची ताकद नसते. थंडीत हे आणखी वाढतं.

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं होतं की बॅटरी थकलेले आयफोन असे बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला जात होता. वापरणाऱ्यांना हे नीट सांगितलेलं नव्हतं. लोक भडकले, कंपनीने माफी मागून बॅटरी बदलण्याचा खर्च उतरवला, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये दंडही भरला. या सगळ्यात मला बोचते ती गोष्ट म्हणजे बॅटरी बदलली की त्या फोनचा वेग परत येत होता. हे माहीत नसल्यामुळे "फोन स्लो झाला" म्हणून किती जणांनी धडधाकट फोन टाकून दिला असेल! मीही तेच करायला निघाले होते.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलेक्सी एस५ मध्ये हे जमायचं, पुढच्याच वर्षीच्या एस६ मध्ये बॅटरी आत बंद झाली. फोन पातळ झाले, पाण्यात टिकायला लागले, हे खरं आहे. पण सगळ्यात आधी झिजणारा भागच गोंदाने आत बंद केला, हे मला आजही चुकीचं वाटतं. युरोपीय संघाने आता नियम केला आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. मी त्याची मनापासून वाट बघते आहे.

बॅटरी जपण्यासाठी मी दोनच गोष्टी करते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय हल्ली बऱ्याच फोनमध्ये असते, ती चालू ठेवली आहे. आणि चार्ज होत असताना फोन उशीखाली किंवा उन्हात ठेवत नाही. उष्णता आणि कायम १०० टक्क्यांवर राहणं, दोन्हींनी बॅटरी लवकर झिजते. बऱ्याच कंपन्या ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं धरून चालायच्या. एक फेरी म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरणं, मग ते एका दिवसात असो की दोन. जून २०२५ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनना ८०० फेऱ्यांची अट आहे. लांबच्या प्रवासाच्या दिवशी मात्र मी खुशाल १०० करते. फोन आपल्यासाठी आहे.

वेगाचं निम्मं दुखणं बॅटरीचं नव्हतंच. १२८ पैकी १२३ जीबी भरलेलं होतं. फोनची मेमरी जवळजवळ भरली की नवं काही लिहायला तिला मोकळी जागा शोधत बसावं लागतं आणि सगळंच अडखळतं. ग्रुपवर आलेले व्हिडिओ, एकाच फोटोच्या सात-सात प्रती, कधीच न उघडलेली अ‍ॅप्स. दोन संध्याकाळी बसून बॅकअप घेतला आणि ४० जीबी मोकळं केलं. कीबोर्ड उघडायला जो उशीर व्हायचा तो त्याच दिवशी गेला.

आणि चार्जिंगची पिन! मध्ये महिनाभर केबल नीट बसत नव्हती, जरा हलली की चार्जिंग बंद. पोर्ट गेला असं मी धरूनच चालले होते. भावाने फोन बंद केला, टॉर्च लावली आणि लाकडी काडीने पोर्टच्या तळातून हळूच खरवडलं. खिशातल्या आणि पर्समधल्या धाग्यांचा दाबून दाबून घट्ट झालेला करडा गोळा बाहेर आला, चांगला डाळीच्या दाण्याएवढा. त्यानंतर केबल 'टक्' करून बसली. सुई किंवा पिन मात्र वापरू नका, आतले संपर्क बिघडतात.

या काळात मी ओळखीच्यांना विचारत राहिले की शेवटचा फोन का बदललास. मावशीचं स्टोरेज भरलं होतं. ऑफिसातल्या एकाचा डिस्प्ले फुटला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने नवाच घेतला. एकाचे हप्ते संपले होते, म्हणून पुढचे सुरू. मैत्रिणीला बाळ झालं होतं आणि जुन्या कॅमेऱ्यात हलत्या बाळाचे फोटो धुरकट यायचे. बाबांना डोळ्यांमुळे मोठा स्क्रीन हवा होता. शेवटची दोन कारणं मला पूर्ण पटतात. बाळाचं पहिलं वर्ष पुन्हा येत नाही. पण मावशीला फक्त कुणीतरी शेजारी बसून फोन रिकामा करून द्यायला हवा होता, आणि ते मी केलं नाही याची मला रुखरुख आहे.

माझ्या फोनचा कॅमेरा रात्री कमी पडतो, हे कबूल. लग्नकार्यात, मंद उजेडात मैत्रिणीच्या फोनशी त्याची तुलनाच होत नाही. १४ महिन्यांत नवा घ्यावा असं मनापासून वाटलं ते तीनदा, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याचा फोटो बघून. आठवडाभर थांबले, इच्छा ओसरली. दिवसाउजेडी मला तक्रार नाही.

खरी मर्यादा अपडेटची आहे, आणि तिथे बॅटरी बदलून काही उपयोग नाही. फोन ठणठणीत असला तरी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारी छोटी अपडेट, बंद झाले की त्यावर बँकेचे व्यवहार करणं मला धोक्याचं वाटतं. अ‍ॅप्सही एकेक करून साथ सोडतात. मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपला आयफोनवर किमान आयओएस १५.१ लागतं, त्यामुळे आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लसवर ते बंद झालं. त्याच २०१३ च्या ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचं अपडेट मिळालं होतं, म्हणजे कंपनीने मनावर घेतलं तर किती लांब जाता येतं ते दिसतं. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आहे. माझ्या फोनला तेव्हा चारच वर्षांचं होतं, नंतर ते वाढवलं गेलं. मी विकत घेताना हे तपासलंही नव्हतं. स्क्रीन किती इंची, कॅमेरा किती मेगापिक्सेल, एवढंच बघितलं होतं.

बॅटरी फुगली त्यानंतर मी घरातला ड्रॉवरही उघडला. तीन जुने फोन निघाले, त्यातला एक फुगलेला. कितीतरी वर्षं ते तसेच कागदपत्रांवर पडून होते. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या अहवालांत आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो तयार करतानाचाच असतो. आपण वर्षानुवर्षं चार्जिंगला लावतो ती वीज त्यामानाने थोडी. हे वाचल्यावर तिन्ही फोन ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन आले. फुगलेला वेगळा दिला आणि तसं सांगून दिला.

माझ्या फोनचा शेवटचा सिक्युरिटी पॅच पुढच्या काही महिन्यांत येईल. तो आला की बँकेचं आणि ओळखपत्रांचं काम नव्या फोनवर नेणार, आणि हा गाणी, रेडिओ, गजर यांसाठी घरात राहील. नवा घेताना आधी दोन गोष्टी विचारणार आहे: अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार, आणि बॅटरी कोण, किती वेळात बदलून देणार. कॅमेऱ्याचं त्यानंतर बघेन.