वादळी ढगांखालच्या डोंगरवाटेवर तीन थरांचे जलरोधक जॅकेट

डोंगरमाथ्याला वळसा घालून सुरुवातीच्या ठिकाणी परत येणाऱ्या वाटेवर हे जॅकेट वापरले, तेव्हा काळे ढग दाटून आले होते आणि पुढे जाणे व मागे फिरणे सारख्याच अंतराचे झाले होते. अशा वेळी जॅकेटची परीक्षा पावसाआधीच, वाऱ्यात सुरू होते. वारा त्याने उत्तम अडवला. टोपी मागच्या दोरीने आवळता येते आणि मान वळवली की तीही वळते, त्यामुळे ढगांवर नजर ठेवता येते, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटला.

लेबलवरील 20,000 मिलिमीटर म्हणजे चाचणीत कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते. प्रत्यक्षात चढावर आतून घाम साचतो आणि काखेतल्या चेन उघडल्याशिवाय तो जात नाही. सॅकचे पट्टे घासतात तिथे पाणी झटकणारा बाहेरचा लेप लवकर झिजतो, कापड ओलावून जड होते आणि वाफ बाहेर पडणे मंदावते. धुऊन मंद उष्णतेवर वाळवल्यास हा लेप बराचसा सुधारतो. खिसे मात्र कमरपट्ट्याखाली दबतात. रचनाकाराने कधी सॅक पाठीवर घेतली असेल का, अशी शंका येते.

विजेपुढे कोणतेही जॅकेट निरुपयोगीच. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी वेळ जात असेल, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे असे समजून डोंगराची धार तत्काळ सोडावी. त्या दिवशीच्या घाईच्या उतरणीत जॅकेटची मागची जादा लांबी उपयोगी पडली. आत उबदार थर घालायचा असल्यास एक माप मोठे घ्यावे.