लोणचं थेट ब्युरेटखाली जात नाही: प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या टायट्रेशन किटबद्दल

लोणची, सरबतं, आगळ करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी म्हणून मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानात 'आंबटपणा आणि मीठ तपासणी किट' मिळतं. खोक्यात ५० मिलीची ब्युरेट (आकडेरेषा आणि खाली तोटी असलेली काचनळी), स्टँड, पिपेटी, दोन शंकूपात्रं, मानेवर खूण असलेला २५० मिलीचा मापफ्लास्क, सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं सूचक), सिल्व्हर नायट्रेटचं ०.१ नॉर्मल द्रावण (नॉर्मल हे द्रावणाच्या ताकदीचं माप), मिठाच्या चाचणीतलं सूचक पोटॅशियम क्रोमेट आणि आठ पानांची पुस्तिका. काचसामान चांगलं आहे. ब्युरेटच्या आकडेरेषा ठसठशीत आहेत आणि तोटी टेफ्लॉनची आहे. काचेची तोटी अल्कलीने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने, चिकटून बसते, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

गडबड पुस्तिकेत आहे. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून ठरावीक ताकदीचं द्रावण थेंबथेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं, कसं करायचं यावर सहा पानं, नमुना कसा तयार करायचा यावर एकच ओळ: 'नमुना पाण्यात मिसळून गाळून घ्या.' आकडे चुकतात ते नेमके याच ओळीत.

कैरीचं लोणचं घ्या. बरणीत वर तेल, खाली खार, मध्ये फोडी. चमचाभर काढलं तर जे हाती लागेल त्याचाच आकडा मिळणार. त्यामुळे अख्खी बरणी तेलासकट ताटात ओतायची. कोयी असतील तर काढायच्या आणि तशी नोंद करायची. बाकी सगळं कोरड्या मिक्सरमध्ये दहा-पंधरा सेकंदांच्या झटक्यांनी वाटायचं, सलग फिरवलं तर भांडं तापतं. वाटण स्थिर ठेवलं की तेल सुटतं, म्हणून ढवळून लगेच १० ग्रॅम वजन करायचं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. फ्लास्कमध्ये साधारण १५० मिली कोमट पाणी घालून अर्धा तास अधूनमधून हलवायचं. फोडीतलं मीठ बाहेर यायला एवढा वेळ लागतोच. पूर्ण गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरायचं, आणि खुणेवर पाण्याची पातळी आणायची, तेलाची नाही. तेलाचा थर खुणेच्या वर तरंगू द्यायचा. मग कोरड्या गाळणकागदातून कोरड्या बीकरमध्ये गाळायचं, पहिले २० मिली फेकायचे. कागद धुवायचा नाही. धुतलात तर गाळलेलं द्रावण पातळ होतं आणि हिशेब कोसळतो.

पुस्तिका आंबटपणा आणि मीठ दोन्हींसाठी गाळलेलं द्रावण २५ मिली घ्यायला सांगते. २५ मिलीत १ ग्रॅम लोणचं. लोणच्यात २ टक्के आम्ल धरलं तर ०.१ नॉर्मल अल्कली जेमतेम ३ मिली खर्च होते. तिथे ०.१ मिलीची वाचनचूक झाली तर उत्तर ३ टक्क्यांनी हलतं. त्यापेक्षा आंबटपणासाठी ५० मिली घ्या, मिठासाठी १० मिली पुरतात. सायट्रिक आम्ल धरून हिशेब करताना १ मिली ०.१ नॉर्मल अल्कली म्हणजे ०.००६४ ग्रॅम. व्हिनेगरच्या लोणच्याला ०.००६०. मिठासाठी १ मिली सिल्व्हर नायट्रेट म्हणजे ०.००५८४ ग्रॅम. पुस्तिकेत हे आकडे बरोबर दिले आहेत.

न दिलेली गोष्ट म्हणजे हळद. अल्कली पडत गेली की हळदीचा पिवळा रंग तांबूस होतो, तोही फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी व्हायच्या सुमारासच. नवखा माणूस तिथेच थांबतो. कोकमाच्या आगळाची तऱ्हा वेगळी: आम्लात लाल असणारा रंग अल्कलीत निळसर-हिरवट होतो, गुलाबी छटा त्यात दिसतच नाही. दोन्हींना उपाय एकच, पीएच मीटर (द्रावण किती आंबट किंवा अल्कलीयुक्त ते आकड्यात दाखवणारं यंत्र) लावून ८.१ ते ८.२ ला थांबणं. किटमध्ये मीटर नाही, आणि खोक्यावर मात्र 'आगळ' ठळक छापलंय!

मिठाच्या चाचणीत आणखी एक सापळा आहे. क्रोमेटचा विटकरी रंग ही थांबण्याची खूण, पण ती पीएच साधारण ६.५ ते १० मध्येच चालते. लोणच्याचं गाळलेलं पाणी आंबट असतं, त्यात क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, विटकरी रंग उशिरा येतो आणि मीठ जास्त दिसतं. गाळलेल्या द्रावणात चिमूटभर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट घालून हलवलं की काम होतं. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

पाण्याबद्दल पुस्तिका फक्त 'स्वच्छ पाणी' म्हणते. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, ते मिठात मोजलं जाईल. ऊर्ध्वपातित पाणी घ्या. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढुरकं झालं तर ते बाद. आंबटपणासाठी हेच पाणी उकळून, झाकून गार केलेलं हवं, नाहीतर त्यातला कार्बन डायऑक्साइड अल्कली खातो. लिंबू सोड्याचंही तसंच: या भांड्यातून त्या भांड्यात ओतून फेस जाऊ द्या, मग थोडं गरम करून गार करा. व्हिनेगर असलेलं पेय मात्र उकळू नका, आम्लच उडून जातं.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या '४ ग्रॅम, १ लिटर' अशा वजन करून ०.१ नॉर्मल धरायच्या, असं पुस्तिका सांगते. मुंबईच्या जुलैत डबी उघडताच गोळ्या ओल्या होतात, मग ४ ग्रॅममध्ये किती पाणी आणि किती अल्कली कोण सांगणार. द्रावणाची खरी ताकद कळायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (ठरावीक वजनाला ठरावीक अल्कली खाणारं घन आम्ल) १२० अंशांवर दोन तास वाळवून ०.४ ग्रॅम टायट्रेट करा. द्रावण बरोबर ०.१ असेल तर १९.६ मिली लागायला हवेत. हे रसायन किटमध्ये नाही, वेगळं मागून घ्यावं लागतं.

सिल्व्हर नायट्रेट पारदर्शक बाटलीत देणं तर अक्षम्य. उजेडाने ते काळं पडतं. घेतानाच तपकिरी बाटलीत ओतून मागा, आणि हातमोजे घाला, बोटांवरचे काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला किट ठीक आहे. लोणचं-आगळवाल्यांनी खोक्याऐवजी ब्युरेट, स्टँड आणि फ्लास्क तेवढे सुटे घ्यावेत, उरलेल्या पैशांत पीएच मीटर आणि तो जुळवून घ्यायची ७ आणि ९.२ ची बफर द्रावणं.